घरी बनवलेली होडीची लॉन्चिंग ट्रॉली: मोजमापं, साहित्य आणि आमच्या चुका

३ मीटर लांबीची फायबरची होडी, वजन ६८ किलो. अंगणापासून खाडीच्या पाण्यापर्यंत अंतर साधारण ७० मीटर, त्यातला शेवटचा पट्टा वाळूचा. होडी उचलणारे दोघे, आणि त्यातल्या एकाच्या कमरेची गादी सरकलेली. हा आमच्या मामाच्या घरचा हिशोब. घर मालवण तालुक्यात, देवबागच्या बाजूला, कर्ली खाडीच्या काठावर. मामा व्यवसायाने मच्छीमार नाही, पण गेली कित्येक वर्षं सकाळी होडी काढून गळ टाकायला जातो. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही असं सांगितलं तेव्हा त्याने होडी उलटी करून माडाखाली ठेवली आणि वर ताडपत्री टाकली. दोन महिने ती तशीच होती.

मी सॉफ्टवेअरवाला. पदवी इंजिनिअरिंगची असली तरी हातात पाना धरायची वेळ फारशी येत नाही. तरी दिवाळीच्या सुट्टीत मामेभावाला घेऊन ट्रॉली बनवायला बसलो. पहिली ट्रॉली फसली. दुसरी म्हणजे तीच ट्रॉली, फक्त एक पाईप ३६ सेंटीमीटर मागे सरकवलेला. तुमच्याकडे होडी, कयाक किंवा लहान शिडाची डिंगी असेल, तर त्या ३६ सेंटीमीटरचा हिशोब सुरुवातीलाच समजून घ्या.

ट्रॉली आणि ट्रेलर एक नाही

ट्रेलर गाडीमागे जोडून रस्त्यावरून ओढतात. त्याला स्प्रिंग, दिवे, नोंदणी असं सगळं लागतं, आणि त्याची चाकं शक्यतो खाऱ्या पाण्यात घालत नाहीत, कारण बेअरिंग खराब होतात. लॉन्चिंग ट्रॉली हाताने ओढायची, चालण्याच्या वेगाने, आणि थेट पाण्यात न्यायची. होडी तरंगली की ट्रॉली खालून काढून घ्यायची. म्हणून ट्रॉली जितकी साधी तितकी चांगली. बाईकला बांधून रस्त्यावर ओढायचा विचार मात्र करू नका. आमच्या शेजारच्या एका मुलाने तो बोलून दाखवलाच. अशा चाकांचे बुश आणि रिम त्या वेगासाठी नसतात आणि मागून येणाऱ्याला दिवा दिसत नाही.

शिडाच्या शर्यतींमधल्या होड्यांसाठी तयार ट्रॉली मिळतात. लहान मुलं शिकतात ती ऑप्टिमिस्ट २.३ मीटर लांब आणि ३५ किलोची. आयएलसीए, जिला पूर्वी लेझर म्हणायचे, साधारण ४.२ मीटर आणि हल ५९ किलोच्या आसपास. आयएलसीएची ट्रॉली होडीला तळाऐवजी दोन्ही काठांखाली आधार देते, कारण तिचा तळ सपाट आणि पातळ असतो. हे लक्षात ठेवा: तुमच्या होडीचा मजबूत भाग कुठे आहे ते बघून आधार ठरवायचा. आमच्या होडीला तळाला मधोमध जाड कणा आहे, त्यामुळे आम्ही तळालाच आधार दिला.

होडी मोजायची कशी

लांबी-रुंदी टेपने मोजता येते. अवघड असतं ते वजन, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वजनाचा मध्य, गुरुत्वमध्य. सी-सॉवर जाड मुलगा आणि बारीक मुलगा बसले तर टेकू जाड मुलाच्या जवळ घ्यावा लागतो, तीच गोष्ट. होडीचा टेकू म्हणजे तुमचा एक्सल.

यासाठी घरातला वजनकाटा पुरतो. होडीच्या पुढच्या टोकाखाली, म्हणजे नाळेखाली, टोकापासून १० सेंटीमीटरवर लाकडी ठोकळा ठेवून तो काट्यावर टेकवा. मागच्या फळीखाली तेवढ्याच उंचीचा ठोकळा ठेवा, म्हणजे होडी सपाट राहील. आकडा लिहून घ्या. मग काटा मागे, ठोकळा पुढे, पुन्हा आकडा. आमचे आकडे आले पुढे २८ आणि मागे ४० किलो. बेरीज ६८, हे झालं होडीचं वजन.

आता दोन आधारांमधलं अंतर २९० सेंटीमीटर. पुढचं वजन गुणिले अंतर भागिले एकूण वजन: २८ × २९० ÷ ६८ = ११९. म्हणजे गुरुत्वमध्य मागच्या फळीपासून ११९ सेंटीमीटरवर. होडी ३०० सेंटीमीटरची, म्हणजे नाळेपासून १८१ सेंटीमीटर. तिथे मार्करने रेघ मारा, दोन्ही बाजूंना.

डिजिटल काट्यांचा एक त्रास होतो. बरेचसे काटे पाय ठेवल्याशिवाय जागे होत नाहीत आणि एकदा आकडा आला की तोच धरून बसतात. अशा वेळी काट्यावर स्वतः उभं राहा, वजन बघा, मग होडीचं टोक हातात घेऊन उभं राहा आणि वजाबाकी करा. अर्थात हे काम कंबर धड असलेल्याने करायचं.

ही मोजणी करताना होडीत रोज जे सामान असतं ते ठेवा. वल्ही, नांगर, दोर, लाइफ जॅकेट. आणि तळातलं पाणी आधी काढा. २० लिटर पाणी म्हणजे २० किलो, आणि ते एका जागी बसून राहत नाही.

चाकं कुठे बसवायची

मी पहिल्यांदा हे काहीच केलं नव्हतं. होडी ३ मीटरची, म्हणून एक्सल मधोमध १५० सेंटीमीटरवर बसवला. कागदावर छान दिसत होतं. होडी ट्रॉलीवर चढवली, मामेभावाने पट्टा बांधला आणि वाकून पुढचा ठोकळा काढला. पुढच्याच क्षणी हँडल सटकन वर आलं आणि त्याच्या हनुवटीला लागलं. होडीची मागची बाजू दाणकन जमिनीवर. दात वाचले, पण तीन टाके पडले. मामा ओटीवर बसून बघत होता. भाच्यावर ओरडला नाही, एवढंच म्हणाला, "मदी धरलंस, पण जड ती पाठी आसा."

नंतर हिशोब केला तर सगळं स्पष्ट होतं. होडीचा गुरुत्वमध्य एक्सलच्या ३१ सेंटीमीटर मागे होता. आमचं हँडल नाळेच्या ६० सेंटीमीटर पुढे, म्हणजे एक्सलपासून २१० सेंटीमीटर. होडी हँडलला ६८ × ३१ ÷ २१० = १० किलोच्या जोराने वर ढकलत होती. ट्रॉलीच्या पुढच्या पाईपचं वजन त्यातलं ३ किलो खात होतं. उरलेले ७ किलो हनुवटीवर.

त्यामुळे नियम असा: एक्सल गुरुत्वमध्याच्या थोडा मागे हवा, म्हणजे हँडलवर थोडं वजन खाली येतं आणि ट्रॉली शहाण्यासारखी वागते. किती मागे? इथे बरेच जण, मीसुद्धा, ट्रॉलीचं स्वतःचं वजन विसरतात. आमचा मधला पाईप ३ मीटरचा, सुमारे ११ किलो, आणि त्याचा बराचसा भाग एक्सलच्या पुढे. एक्सल १५ सेंटीमीटर मागे घेतला असता तर हातात साधारण साडेआठ किलो आले असते. मामासाठी ते जास्त होतं. म्हणून फक्त ५ सेंटीमीटर मागे घेतला, नाळेपासून १८६ वर. आता होडीचे दीड किलोच्या आत आणि पाईपचे सव्वाचार, मिळून साडेपाच किलोच्या आसपास हातात येतात. हँडल वर वाकवून कमरेच्या उंचीला आणलंय, त्यामुळे ओढताना वाकावं लागत नाही.

इंजिन असेल तर हा सगळा हिशोब बदलतो. अडीच हॉर्सपॉवरचं छोटं आउटबोर्ड इंजिन १३ ते १७ किलोचं असतं आणि ते लटकतं अगदी मागच्या फळीवर. १५ किलो धरले तर आमच्या होडीचा गुरुत्वमध्य १८१ वरून २०४ वर जातो. म्हणजे १८६ वर बसवलेला एक्सल पुन्हा पुढे पडला, आणि हँडल २ किलोने वर उचललं जाणार. एकतर इंजिनासकट वजन करा आणि त्याप्रमाणे एक्सल ठेवा, किंवा इंजिन ट्रॉलीवर असताना नाळेकडे आडवं ठेवा. कधी लावून, कधी काढून, असं करणार असाल तर हँडल सोडण्याआधी प्रत्येक वेळी हाताने दाबून बघा.

हे सगळं निस्तरता आलं ते एका कारणाने. एक्सल वेल्ड केला नव्हता, यू-बोल्टने आवळला होता. चार नट सैल केले, पाईप सरकवला, पुन्हा आवळले. वीस मिनिटांचं काम. वेल्डिंग केलं असतं तर ग्राइंडर आणि अख्खा दिवस.

साहित्य

फ्रेम म्हणजे इंग्रजी टी अक्षर. मधला लांब पाईप आणि त्याला आडवा एक्सलचा पाईप. आम्ही दीड इंची, मिडियम क्लासचा जीआय पाईप घेतला. दुकानात ६ मीटरचा नग मिळतो. त्यातून ३ मीटरचा मधला आणि १.४ मीटरचा आडवा असे दोन तुकडे कापले. या पाईपचा बाहेरचा व्यास ४८ मिलिमीटर असतो आणि वजन मीटरला साडेतीन किलोच्या वर. अ‍ॅल्युमिनियम हलकं पडलं असतं, पण आमच्याकडे जाड अ‍ॅल्युमिनियम पाईप सहज मिळत नाही आणि किंमतही बरीच. टी आकार तिरका होऊ नये म्हणून एक्सलच्या दोन टोकांपासून मधल्या पाईपला लोखंडी पट्टीचे दोन तिरके आधार बोल्टने लावले. हे आधार विसरू नका, नाहीतर एक चाक दगडाला अडलं की टीचा वाय होतो.

यूट्यूबवर पीव्हीसी पाईपच्या ट्रॉली खूप दिसतात. २० किलोच्या कयाकला चालतात. ६८ किलोला नाही, आणि उन्हात वर्ष-दीड वर्ष पडलेला पीव्हीसी ठिसूळ होतो.

वेल्डिंग करायचंच असेल तर जीआयबद्दल एक गोष्ट माहीत हवी. त्यावरचा जस्ताचा थर तापला की पांढरा धूर येतो, आणि तो छातीत गेला तर काही तासांनी तापासारखं अंग मोडून येतं. जोडाच्या आजूबाजूचा थर घासून काढायचा, उघड्यावर काम करायचं आणि नंतर त्या जागी जस्ताचा प्राइमर मारायचा. नाहीतर पहिला गंज तिथेच धरणार.

चाकांचा रॉड २० मिलिमीटरचा. हार्डवेअरवाला १६ चा देत होता, "एवढ्याशा होडीला पुरे" म्हणून. गोल रॉडची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १६ चा घन ४०९६, २० चा ८०००. चार मिलिमीटरमध्ये ताकद जवळपास दुप्पट. फरकाचे पैसे फार नव्हते. रॉडचे दोन तुकडे पाईपच्या दोन्ही टोकांत बसवले, त्यासाठी लेथवाल्याकडून बुश कातून घेतले.

चाकांबद्दल पुढे सांगतो, पण बेअरिंग इथेच. बांधकामावरच्या हातगाडीच्या चाकात बॉल बेअरिंग येतात. खाऱ्या पाण्यात ती टिकत नाहीत. कितीही ग्रीस भरा, गोळ्या गंजतातच. ती काढून नायलॉनचे बुश बसवले. त्यातही आमची एक चूक झाली: बुश अगदी चपखल कातून घेतले. नायलॉन पाणी शोषतं आणि थोडं फुगतं. दुसऱ्या आठवड्यात चाकं फिरेनाशी झाली. पुन्हा लेथवाल्याकडे जाऊन आतून अर्धा मिलिमीटर ढिले करून आणले. आता किंचित डुगडुगतात, पण ट्रॉलीला तेवढं चालतं.

नट-बोल्ट स्टेनलेसचे घ्यावेत असं वाटतं. एकट्या स्टेनलेसला गंज कमी लागतो हे खरं. पण खाऱ्या पाण्यात स्टेनलेस आणि जस्त एकमेकांना चिकटून राहिले की जस्त लवकर झिजतं, बॅटरीच्या दोन धातूंसारखं. म्हणून जीआय पाईपला जीआयचेच यू-बोल्ट.

होडी टेकते तिथे काय लावायचं? आमचा पहिला विचार जुन्या गालिच्याचा होता. गालिच्यात वाळू अडकते आणि तो पॉलिश पेपरसारखा फायबर घासतो. त्याऐवजी एक्सलवर दोन उभे आधार लावून त्यांच्यामध्ये ५० मिलिमीटर रुंदीचा नायलॉनचा पट्टा झोळीसारखा बांधला. होडीचा तळ त्यात आपोआप बसतो आणि वजन पसरतं. कणा टेकतो तिथे मधल्या पाईपवर जुन्या टायरचा तुकडा.

सगळं मिळून, लेथचे दोन खेपांचे पैसे धरून, साडेसहा हजारांच्या आसपास गेले.

वाळू

मला वाटायचं चढ हा मुख्य त्रास. फोनने चढ मोजला. आयफोनच्या मेजर अ‍ॅपमध्ये लेव्हल असते, अँड्रॉइडवर तशी मोफत अ‍ॅप आहेत. फोनमधला अ‍ॅक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो, त्यावरून फोन किती कलला ते कळतं. फोन थेट वाळूवर ठेवायचा नाही. मीटरभर सरळ फळी टाकून तिच्यावर ठेवायचा. मग फोन उलट्या दिशेने फिरवून पुन्हा मोजायचं आणि दोन्ही आकड्यांची सरासरी घ्यायची, म्हणजे कॅमेऱ्याच्या उंचवट्याने आलेली चूक निघून जाते. आमच्या काठाचा वरचा भाग ७ अंश निघाला, म्हणजे ८ मीटरला १ मीटर. खालचा, ओहोटीला उघडा पडणारा, ४ अंश. आणि हो, फोन वॉटरप्रूफ आहे म्हणून खारं पाणी लावू नका. ती चाचणी गोड्या पाण्यात केलेली असते, आणि चार्जिंगच्या खाचेत मीठ सुकलं की पिना खराब होतात.

होडी आणि ट्रॉली मिळून ९२ किलो. ८ ला १ च्या चढावर ओढायला लागतात साडेअकरा किलो. एवढंच. पण सैल कोरड्या वाळूत चाक रुतून जो अडथळा होतो तो मोटारीच्या टायरसाठी वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास धरतात. म्हणजे २७ किलोच्या वर! चढाच्या दुपटीहून जास्त. दोन्ही मिळून ३९ किलो. एकट्याने, तेही कंबर दुखत असताना, शक्यच नाही.

वाळूत चाक किती रुततं ते टायरमधल्या हवेवर बरंच अवलंबून असतं. प्रत्येक चाकावर साधारण ४३ किलो. हवा ३० पीएसआय असेल तर टायर जमिनीला २१ चौरस सेंटीमीटरवर टेकतो, म्हणजे साधारण काड्यापेटीएवढीच जागा. १० पीएसआय केली तर ६२ चौरस सेंटीमीटर. टायरच्या कडकपणामुळे प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडतो, पण डोळ्यांना दिसतो: आधी चर पडायची, आता नुसता ठसा पडतो. याहून खाली जाऊ नका, ट्यूब रिमवर सरकते आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. ज्यांना परवडेल त्यांनी फुग्यासारखे रुंद टायर घ्यावेत, खास वाळूसाठीच असतात.

दुसरा उपाय जुनाच. आमच्याकडे मोठ्या होड्या ओंडक्यांवरून ओढतात, मागचा सुटलेला ओंडका पळत पुढे आणून टाकतात. आम्ही त्याच धर्तीवर जुन्या प्लायवुडच्या दोन लांब पट्ट्या कोरड्या वाळूवर टाकतो. कोरडी वाळू फक्त भरतीच्या रेषेच्या वर असते, ६-७ मीटर. खालची ओली वाळू घट्ट असते, तिच्यावर ट्रॉली खुशाल पळते. वर आणताना माडाला पट्टा गुंडाळून कप्प्या लावतो, दोर सरळ झाडाला बांधत नाही, साल कापली जाते. चार पदरी कप्पीने जोर कागदावर चौथाई होतो. घर्षणामुळे तेवढा होत नाही, पण मामा आता बसून दोर ओढू शकतो.

उताराने जाताना उलटी काळजी. ९२ किलो तुमच्या मागे नाहीत, पुढे आहेत. वरच्या बाजूने एक दोर माडाला एक वेढा देऊन हळूहळू सोडायचा. ट्रॉली आणि पाणी यांच्या मध्ये कोणी उभं राहायचं नाही, लहान मुलं तर अजिबात नाहीत.

पाण्यात गेल्यावर

होडीचं मागचं टोक पाण्याकडे, हँडल जमिनीकडे. ट्रॉली मागे ढकलत नेली की आधी मागची बाजू तरंगते, मग पुढची. किती खोल जावं लागेल ते आधीच काढता येतं. आमच्या चाकाची त्रिज्या १९ सेंटीमीटर, त्यावर पट्टा आणि आधार धरून होडीचा तळ जमिनीपासून साधारण ३० वर. रिकामी होडी १२ सेंटीमीटर पाण्यात बसते. म्हणजे एक्सलपाशी ४२ सेंटीमीटर पाणी हवं. ८ ला १ च्या उतारावर ते काठापासून ३.४ मीटरवर मिळतं. हँडल एक्सलपासून २.४६ मीटर, म्हणजे तुम्ही काठापासून ९० सेंटीमीटरवर, घोट्याएवढ्या पाण्यात. ४ अंशांच्या उतारावर तुम्ही साडेतीन मीटर आत, पाणी पोटरीपर्यंत. म्हणून मोठी चाकं आणि उंच फ्रेम वाळूवर बरी वाटते, पण पाण्यात महाग पडते. आणि हँडल लांब का ठेवायचं तेही यातून कळतं.

आमची इथली फजिती मात्र मी आधी विचारात घेतलीच नव्हती. खारं पाणी आत जाऊ नये म्हणून मी पाईपची तोंडं प्लास्टिकच्या टोप्या आणि सिलिकॉन लावून बंद केली होती. होडी तरंगली, मी हँडल सोडलं, आणि एका छोट्या लाटेबरोबर ट्रॉली आडवी होऊन होडीखालीच सरकली. एवढी जड ट्रॉली लाटेने हलावी? हिशोब केला. पाईप बाहेरून मोजला तर ८ लिटर पाणी बाजूला सारतो, दोन टायर मिळून साडेअकरा. सगळं धरून खाऱ्या पाण्याचं उत्प्लावन २० किलोच्या थोडं वर. ट्रॉली २४ किलोची. म्हणजे पाण्याखाली तिचं वजन राहिलं जेमतेम साडेतीन किलो! ती उभी नव्हती, तरंगायच्या बेतात होती.

टोप्या काढल्या आणि मधल्या पाईपला खालून, आडव्या पाईपला दोन्ही टोकांजवळ ८ मिलिमीटरची भोकं पाडली. पाणी आत शिरतं, वर आणली की निथळून जातं. आता पाण्याखालचं वजन साडेनऊ किलोच्या आसपास, आणि ट्रॉली जागची हलत नाही. आतून गंज लागेल, हे मान्य. मी तो गंज पत्करला.

होडी ट्रॉलीवरून सुटण्याआधी नाळेचा दोर कोणाच्या तरी हातात असलाच पाहिजे. हे लिहायची गरज नाही असं वाटतं, पण वाऱ्यावर निघालेली रिकामी होडी पोहून पकडता येत नाही. तसा प्रयत्न करणारे बुडालेत.

भरतीचं गणित

ट्रॉली काठावर ठेवून तुम्ही होडी घेऊन गेलात आणि भरती आली तर ट्रॉली पाण्याखाली. हँडलला दोर बांधून दुसऱ्या टोकाला बूच लावलेली रिकामी बाटली बांधा, म्हणजे कुठे आहे ते तरी दिसेल. खरं तर ती भरतीच्या रेषेच्या वर नेऊन ठेवणंच बरं. रेष कुठे आहे ते सुकलेल्या शेवाळाच्या आणि काटक्यांच्या ओळीवरून कळतं, पण उधाणाला पाणी त्याच्याही वर येतं.

भरतीच्या वेळा सांगणारी अ‍ॅप भरपूर आहेत. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो. मामा यातलं काही वापरत नाही. तो कालनिर्णयमध्ये तिथी बघतो आणि तिची पाऊणपट करतो. अष्टमी, ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन. कृष्ण पक्षातही प्रतिपदेपासून तसंच. यामागे चंद्र आहे: भरती रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येते, म्हणजे पाऊण तासाच्या जरा वर. हा ठोकताळा आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. मी अ‍ॅपशी ताडून पाहिला आणि ट्रॉली न्यायला पुरेसा निघाला. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी वर येतं आणि तितकंच खाली उतरतं, तेव्हा ओहोटीला परत आलात तर ट्रॉली चिखलातून ओढावी लागते. चिखलात कोणताच टायर चालत नाही. आम्ही भरती अर्धी झाली की निघतो आणि उतरायला लागल्यावर लगेच परततो.

देखभाल

प्रत्येक वेळी ट्रॉली गोड्या पाण्याने धुवायची, भोकांतून आतही पाणी सोडायचं. महिन्यातून एकदा यू-बोल्टचे नट पाना लावून बघायचे, कारण वाळूवरच्या हादऱ्यांनी ते सैल होतात आणि एक्सल सरकला तर पुन्हा हनुवटीचा प्रश्न. एक्सल बरोबर जागी आहे हे चटकन कळावं म्हणून मधल्या पाईपवर लाल रंगाची रेघ मारलीय. नायलॉनचा पट्टा उन्हाने कडक झालाय का ते नखाने खरवडून बघा. भुसा निघाला तर बदला. पावसाळ्यात आमची ट्रॉली पडवीत, टायर जमिनीपासून उचलून, विटांवर.

ताडपत्री आता पडवीत घडी घालून ठेवलीय. मामा अजूनही एकटा जात नाही, वर आणायला मामेभाऊ लागतो. पुढच्या खेपेला हँडलजवळ एक छोटं तिसरं चाक लावून बघायचं आहे, म्हणजे ते साडेपाच किलोही हातात राहणार नाहीत. त्याने वाळूत ओढायचा जोर किती वाढतो ते स्प्रिंगच्या ताणकाट्याने मोजेन आणि आकडे इथेच टाकेन.